शालूताई रेसिफीला राहतात

शालूताई सावंत गेल्याची बातमी ब्राझीलहून आली आणि पंधरवड्याच्या आत आमच्या मंडळानं हॅरोतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. टेबलावर फोटो, फोटोला हार, पुढे उदबत्ती. ती नुसतीच ठेवलेली, पेटवायची नाही, कारण शाळेचा स्मोक अलार्म वाजतो. अध्यक्ष डॉक्टर मोघे उभे राहिले आणि म्हणाले, "शालूताई म्हणजे मूर्तिमंत त्याग. वात्सल्याचा सागर." मग शालूताईंचा मुलगा अजित उठला. "आईनं जन्मभर फक्त आमच्यासाठी केलं," म्हणून त्यानं डोळे पुसले. पहिल्या रांगेतल्या बायकांनी लगेच पर्स उघडून टिश्यू काढले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, खुर्ची मुद्दाम खर्रकन मागे ओढली आणि बाहेर कार पार्कमध्ये जाऊन उभी राहिले. काय निर्लज्ज माणसं! मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही म्हणून वाट्टेल ते बोलायचं? शालूताई जिवंत असत्या तर तिथल्या तिथे मोघ्यांच्या हातातला माइक काढून घेतला असता. त्यांना त्याग या शब्दाचाच तिटकारा होता. "मी त्याग केला नाही. नोकरी केली," असं त्या प्रत्येकाला सांगायच्या, आणि तरी लोक परत परत तेच म्हणायचे.

हॉलमध्ये गप्प बसले, पण इथे लिहिताना बसणार नाही.

मी लग्न होऊन ब्याऐंशी साली हॅरोला आले तेव्हा शालूताई आमच्या समोरच्या घरात राहायच्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या. मुंबईत नर्सिंग करून सत्तर सालाच्या आधीच इकडे विलायतेत आलेल्या, आणि तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर होत्या. अजित शाळेत असतानाच नवरा हार्ट अटॅकनं गेला. बुटक्या, काळ्यासावळ्या, चालणं असं की बरोबर जायचं तर मला पळावं लागायचं. नर्सेस छातीवर उलटं घड्याळ लावतात ना, ते त्या साडीवरही लावायच्या. बघायच्या आणि म्हणायच्या, "चल, उशीर झाला." कशाला उशीर झाला ते कधीच कळायचं नाही.

तोंड म्हणजे तोफ. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, भर रस्त्यात विचारायच्या, "काय सुधीर, पोट साफ होतंय ना?" तो बिचारा त्यांना लांबून पाहिलं की पलीकडच्या फुटपाथवर जायचा. मी आईच्या आठवणीनं रडायला लागले की म्हणायच्या, "रडायचं तर बसून रड गं. उभ्यानं रडलं की चक्कर येते." मी बसून रडायचे, त्या चहा टाकायच्या. माझं रडं थांबलं की "झालं? आता भाजी चीर," म्हणून पुढ्यात फरसबी ठेवायच्या. दुःखाचा असा निकाल लावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढे माझं पित्ताशयाचं ऑपरेशन त्यांच्याच वॉर्डात झालं. दुसऱ्या दिवशी कन्सल्टंट राऊंडला आला, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. माझ्याशी एक अक्षर न बोलता त्यानं ब्लँकेट सरकवलं, गाऊन वर केला आणि पोरांना टाके दाखवायला लागला. मी लाजेनं अर्धी झाले. शालूताई शांतपणे पुढे आल्या, ब्लँकेट परत माझ्या गळ्यापर्यंत ओढलं आणि त्याला म्हणाल्या, "आधी तिला विचारा. तिला इंग्लिश येतं." तो लालबुंद झाला. म्हणाला, "सिस्टर, आय ॲम इन अ हरी." "शी इज नॉट," शालूताई म्हणाल्या. त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तो गेल्यावर त्या माझी उशी थोपटत पुटपुटल्या, "शिरा पडो तुज्या तोंडार." रागावल्या की मालवणी बाहेर यायची. टाके दुखत असूनही मला हसू आवरेना.

त्याच वॉर्डाच्या किचनमध्ये चहा देणारी लूर्देस म्हणून एक ब्राझिलियन बाई होती, रेसिफी शहरातली. तिला इंग्लिश जेमतेम, यांना पोर्तुगीज शून्य. पण एकदा लूर्देसनं काहीतरी मागितलं आणि शालूताईंच्या लक्षात आलं की ती साबण मागतेय, बालदी मागतेय. चावी, पाव, बटाटा, काजू, सगळे शब्द जवळजवळ आपलेच. कोकणात पोर्तुगीज येऊन गेले त्याचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं! रोज चहाच्या सुट्टीत दोघींची शिकवणी चालायची. लूर्देस परत गेली तोवर शालूताई पोर्तुगीजमध्ये भांडू शकत होत्या. साधं बोलायला त्या नंतर शिकल्या.

पंचावन्न झाल्यावर नर्सेसना निवृत्ती घेता येते. शालूताईंनी एक दिवसही जास्त केला नाही. लूर्देसनं बोलावलं होतं, म्हणून सहा आठवड्यांसाठी रेसिफीला गेल्या. एक्क्याण्णव सालचा जानेवारी, इथे बर्फ पडलेला. सहा आठवडे झाले, आठ झाले. मग एका रविवारी खरखरत फोन आला. "वीणे, माझ्या झाडांना पाणी घालत जा. मी इतक्यात येत नाही."

"अहो पण कधी येणार?"

"व्हिसा संपला की."

त्यांचं मग तसंच ठरलं. टुरिस्ट व्हिसावर तिथे वर्षातले सहा महिने राहता यायचं. ऑक्टोबर आला की जायच्या, एप्रिलमध्ये परत. लूर्देसच्या घरातली वरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. हॅरोतल्या घरात अजित आणि त्याची बायको नीता राहायला आले, तेव्हा घराची काळजी नव्हती. काळजी सगळी मंडळाला होती. "ब्राझील? म्हणजे ते नाच आणि ते कपडे?" "या वयात?" "कुणीतरी भेटला असणार, सांगते ना." हे शेवटचं मोघेबाईंचं. मी म्हटलं, भेटला असेल तर चांगलंच आहे की. त्या दिवसापासून मोघेबाई माझ्याशी बेतानं बोलायला लागल्या.

ब्याण्णवच्या नोव्हेंबरात मी स्वतः जाऊन आले. सुधीरनं मुलींना सांभाळलं, मी दोन आठवडे गेले. लोक समजत होते तसा तो स्वर्ग नव्हता. घामानं अंग चिकचिकायचं. डास असे की आपल्याला उचलून नेतील. वीज जायची, दुकानातले भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे. शालूताईंची पर्स एकदा बसमध्ये मारली होती. मी घाबरले तर म्हणाल्या, "मग? दादरला मारत नाहीत?" खोलीत एक पलंग, एक पंखा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेला एक कापडी झोपाळा. पलंगावरची चादर मात्र हॉस्पिटलसारखी, कोपरे दुमडून ताणून बसवलेली. माझ्या गादीची चादर त्यांनी रोज सकाळी उपसून परत घातली. मला घालता येत नाही म्हणे.

पण रस्त्यावर गाडीवर काजूची बोंडं विकायला होती! शालूताईंनी मला हाताला धरून तिथे नेलं. "बघ. वेंगुर्ला सोडल्यावर तीस वर्षांनी परत खाल्लं मी हे. हे झाड मूळचं इथलंच, आपल्याकडे नंतर आलं." रस हनुवटीवरून गळत होता, पदरावर डाग पडत होते, आणि या बाई, ज्यांनी वॉर्डात एक सुरकुती खपवून घेतली नाही, त्या खुशाल उभ्या. संध्याकाळी त्या गल्लीतले सगळे लोक घरातल्या खुर्च्या उचलून फुटपाथवर आणून बसतात. शालूताईंची खुर्ची ठरलेली, लूर्देसच्या दाराशी. येणारा जाणारा "दोना शालू!" म्हणून हाक मारायचा. दोना म्हणजे बाईसाहेब म्हणा, काकू म्हणा. कुणी त्यांना अजितची आई म्हणत नव्हतं, सिस्टर म्हणत नव्हतं, मुलगा काय करतो म्हणून विचारत नव्हतं.

मी एकदा विचारलं, "शालूताई, तुम्ही इथे नेमकं करता काय?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. सकाळी समुद्रावर चालते. मासळी आणते, जेवते, झोपते. संध्याकाळी खुर्ची बाहेर काढते." झोपाळ्यात पाय वर घेऊन त्या बोलत होत्या. "तीस वर्षं लोकांच्या बेडपॅन उचलल्या गं. घरी आले की नवऱ्याचं, मग पोराचं. सगळे म्हणतात, आम्ही तुझे आहोत. म्हणजे काय, तर आमचं कर. इथे मी कुणाची नाही. मला फार बरं वाटतं."

मंडळाचं खरं दुखणं हे होतं, हे मला तेव्हा कळलं. शालूताईंनी सांगितलं असतं की मी तिथे अनाथ मुलांची सेवा करते, तर याच लोकांनी शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार केला असता, फोटो काढले असते. पण बाई खोटं बोलायच्याच नाहीत. मोघेबाईंनी विचारलं, तिथे काही समाजकार्य वगैरे? तर तोंडावर म्हणाल्या, "छे हो. आळशीपणा करते." विधवा बाईनं, आईनं, साठीला टेकलेल्या बाईनं नुसतं सुखात बसायचं? लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मिरच्यांवरून आठवलं. त्र्याण्णवच्या श्रावणात मंडळानं उपासाच्या पदार्थांची स्पर्धा ठेवली आणि शालूताईंना परीक्षक केलं. हॅरोत होत्या त्या तेव्हा. वीसेक बायकांच्या खिचड्या, वडे, थालीपिठं चाखून झाली. बक्षीस देताना दोन शब्द बोला म्हणाले. यांनी दोन शब्द बोलायचे म्हणजे संकटच. म्हणाल्या, "पदार्थ छान होते. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलचा. माझ्या गल्लीत त्याची धिरडी मिळतात, खोबरं घालून, तुमच्या उपासाला चालतील. शेंगदाणे त्याच बाजूचे. बटाटा, रताळं, मिरची, राजगिरासुद्धा त्या बाजूचा. म्हणजे आपला सगळा उपास तिकडून आला, तो चालला. मग मी तिकडे गेले तर तुमच्या पोटात का दुखतं?"

मागच्या रांगेतली तरुण पोरं टाळ्या वाजवायला लागली. मोघे घाईघाईनं उठले आणि आभार मानून मोकळे झाले. अजितचा चेहरा पडला होता. घरी जाताना तो मला म्हणाला, "वीणाकाकू, आईला जरा सांगा ना. लोक हसतात." मी म्हटलं, "हसत नाहीत रे. चिडतात. आणि का चिडतात ते तूच बघ."

अजित वाईट मुलगा होता का? लोक मला हे विचारतात. दारू नाही, मारहाण नाही, चांगला अकाउंटंट, आईला "गं" म्हणून गोड बोलणारा. हाच तर माझा संताप आहे. वाईट असता तर लोकांनी शालूताईंची बाजू घेतली असती.

त्याच वर्षी डिसेंबरात त्यानं रेसिफीला फोन केला. नीताला दिवस गेलेले, जानेवारीत बाळंतीण होणार. "आई, तू हवीस." शालूताई आल्या. कुरकुर न करता आल्या, परतीचं फेब्रुवारीअखेरचं तिकीट घेऊन आल्या. लूर्देसला सांगून आल्या की मार्चच्या आत येते, खोली कुणाला देऊ नकोस. तिचाही संसार होता, खोली रिकामी ठेवणं तिला परवडणारं नव्हतं.

आणि हीथ्रोवर त्यांनी एक चूक केली. आपल्या सगळ्यांच्या घरात होते ती. प्रवासाला निघालं की सगळ्यांचे पासपोर्ट एका पाऊचमध्ये आणि पाऊच घरातल्या पुरुषाच्या गळ्यात. मीसुद्धा सुधीरकडेच देते, दिला की बरं वाटतं, एक काळजी कमी. शालूताई रात्रभर विमानात बसून आलेल्या. अजित म्हणाला, "दे गं आई, मी सांभाळून ठेवतो." त्यांनी देऊन टाकला. वॉर्डातली औषधांच्या कपाटाची चावी कधी दुसऱ्याच्या हातात न देणारी बाई!

बाळंतपण त्यांनी मनापासून केलं, हेही सांगायला पाहिजे. मुलगी झाली, सिझेरियननं. नीता इथेच जन्मलेली, तिला डिंकाचे लाडू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. शालूताईंनी लाडू केले, अळिवाची खीर केली, पोरीला पायांवर घेऊन तेल लावलं. तिला न्हाऊ घालताना मालवणीत काहीबाही गायच्या. मी जाऊन बसायचे. शालूताईंचा आवाज इतका मऊ होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. आणि अजित दारात उभा राहून म्हणायचा, "बघा ना काकू, किती रमलीय."

तिकिटाची तारीख जवळ आली. शालूताई म्हणाल्या, "अजित, पासपोर्ट."

"देतो गं."

दोन दिवसांनी परत. "बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय." मग बँकेला वेळ नाही. मग लॉकरची किल्ली सापडत नाही. मग एका संध्याकाळी तो त्यांच्या पुढ्यात बसला आणि म्हणाला, "आई, कशाला जातेस? काय आहे तिकडे? नीता एप्रिलमध्ये कामावर जाणार. बाळाला नर्सरीत टाकायचं का? आणि लोक काय म्हणतील, आजी असून?"

"पासपोर्ट कुठे आहे?"

"सुरक्षित आहे."

हे त्यांनी मला सकाळी येऊन सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, बसेनात. मी म्हटलं, "शालूताई, सोपं आहे. हरवला म्हणून फॉर्म भरा, नवीन मिळतो." त्या माझ्यावर खेकसल्या, "हरवलेला नाही माझा पासपोर्ट! हरवला म्हटलं की वेंधळी मी. मी का वेंधळी व्हायचं? चोरलाय त्यानं. त्यानं माझ्या हातात द्यायचा आणि सांगायचं, आई, मी घेतला होता."

त्यांना एवढंच हवं होतं, पासपोर्ट आणि ते एक वाक्य.

त्या रविवारी अजितनं मोघ्यांना बोलावून घेतलं. समजूत घालायला! शालूताईंनी मला खिडकीतून हात केला, मी चपलेत पाय सरकवून धावले. मोघे सोफ्यावर, चहा पुढ्यात, आवाज मधाळ. "शालूताई, आपल्यात म्हणतात, दुधापेक्षा दुधावरची साय..."

"मला साय बंद आहे डॉक्टर. कोलेस्टेरॉल."

"तसं नव्हे हो. या वयात परक्या देशात एकटीनं..."

"तुम्ही रिटायर झालात तेव्हा गोल्फ खेळायला पोर्तुगालला गेला होतात ना? सहा आठवडे होतात. एकटे." शालूताई ताठ बसून होत्या. "तुमच्या मुलानं तुमचा पासपोर्ट लपवला का?"

"आमची गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी? सांगा. मी ऐकतेय."

मोघ्यांनी चहा प्यायला. अजित कार्पेटकडे बघत होता. जिन्यावर नीता बाळाला घेऊन उभी होती, तिला पायऱ्या उतरायलाही त्रास होत होता तेव्हा. ती म्हणाली, "मी नाही सांगितला आईंना राहायला. मला नर्सरी ओके आहे. मी बुक पण केला." मोडकं मराठी, पण सगळ्या खोलीत तेवढंच सरळ बोलणं. अजित तिच्यावर ओरडला, "तू वर जा!" मी मोघ्यांकडे बघितलं. वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. त्यांनी बिस्किट घेतलं.

दुसऱ्या दिवशी शालूताई पोलिस स्टेशनला निघाल्या. मी कामावर, कौन्सिलच्या ऑफिसात, सिक आहे म्हणून कळवलं आणि बरोबर गेले. त्यांनी चांगली साडी नेसली होती, वर कोट, कोटावर ते उलटं घड्याळ. काउंटरवरचा पोरसवदा कॉन्स्टेबल सगळं ऐकून हसला. म्हणाला, हा फॅमिली मॅटर आहे, मुलाशी बोला.

"बोलले. आता तुमच्याशी बोलतेय. लिहून घ्या."

"मॅडम, आम्ही यात पडत नाही."

"ठीक आहे. मी इथे बसते," त्या म्हणाल्या. "तुमची शिफ्ट संपेल, दुसरा येईल. मी त्याला सांगेन. मी नर्स होते, मला शिफ्ट कळतात."

आणि बसल्या. मीही बसले. दुपार झाली. एक दारुडा आला नि गेला, सायकल चोरीला गेलेली एक मुलगी आली नि गेली. मी सँडविच आणलं तर त्यांनी खाल्लं नाही. मध्येच एकदा म्हणाल्या, "माझंच पोर आहे गं ते. त्याच्या तापात मी जागलेय." मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, मग सोडवून घेतला. शेवटी शिफ्ट बदलली आणि एक वयस्क सार्जंट बाई आली. तिनं वही पुढे ओढली.

"हरवला?"

"नाही. टेकन."

"कुणी?"

शालूताईंनी क्षणभर डोळे मिटले. "माय सन," असं स्पष्ट म्हणाल्या आणि त्याच्या पूर्ण नावाचं स्पेलिंग सांगितलं.

सार्जंटनं अजितला ऑफिसात फोन केला. बस्स, एवढंच. संध्याकाळी अजित घरी आला, पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि हसत म्हणाला, "अगं सापडला! ड्रॉवरच्या मागे पडला होता." शालूताईंनी त्याच्याकडे बघितलं, पासपोर्ट उचलला आणि वर गेल्या.

मंडळात दोन दिवसांत सगळीकडे झालं. पोटच्या पोरावर पोलिस घातले! काय ही बाई, कसली ही आई! पासपोर्ट कुणी लपवला यावर एक शब्द नाही. फोनवर मला हे सांगणाऱ्या तिघींशी मी भांडले. त्यातल्या दोघी शोकसभेत पहिल्या रांगेत बसून टिश्यू शोधत होत्या.

आता ते शेवटचं. आपल्या लोकांची आणखी एक रीत आहे. भांडण कितीही होवो, एअरपोर्टवर सोडायला सगळ्यांनी जायचंच. नाही गेलं तर लोक काय म्हणतील! शालूताईंनी मला सांगितलं होतं, आपण ट्यूबनं जाऊ. पण निघायच्या दिवशी सकाळी अजित गाडी काढून, पुसून, दारात तयार. काल काही झालंच नाही असा चेहरा. नीता मागे बाळाला घेऊन बसलेली. शालूताई मला म्हणाल्या, "चल, बस. पोरीला तेवढीच मांडीवर घेता येईल." सगळ्या रस्त्यात बाळ त्यांच्या मांडीवर होतं. अजितनं रेडिओ लावला होता.

हीथ्रोवर बॅगा गेल्या. आत जायच्या फाटकापाशी आलो. त्यांनी बाळाच्या डोक्याचा वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि नीताकडे दिलं. नीता रडत होती. "आई, सॉरी. मला माहीत नव्हता."

"माहीत आहे मला," शालूताई म्हणाल्या. मग तिच्या कानाशी जाऊन, पण मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तुझा पासपोर्ट तुझ्याकडे ठेव. हिचासुद्धा." नीतानं मान हलवली.

मला त्यांनी पाठीवर एक थाप मारली. "येत जा गं."

मग अजित पुढे झाला आणि नमस्काराला वाकला. भोवती ट्रॉल्या, माणसं, गोऱ्या लोकांच्या नजरा. तो वाकला आणि शालूताईंनी त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे बघितलं. त्यांचा उजवा हात थोडा उचललेला मी पाहिला, आशीर्वादाला उचलतात तसा.

"अजित," त्या म्हणाल्या, "पासपोर्ट कुठे होता?"

इतक्या हळू विचारलं त्यांनी. मला आजही वाटतं, त्यांनी त्याला सगळं माफ करायचं ठरवलं होतं. एका खऱ्या वाक्यावर.

"सांगितलं ना आई," तो खालूनच म्हणाला. "ड्रॉवरच्या मागे."

शालूताईंनी पाय मागे घेतले.

हात खाली आला. त्या वळल्या, फाटकावरच्या माणसाला पासपोर्ट स्वतः उघडून दाखवला आणि आत गेल्या, नेहमीसारख्या भरभर. पुढे तिथे कायम राहायचा पेन्शनरांचा व्हिसा मिळाल्यावर त्यांना सहा महिन्यांनी परत यायची गरज उरली नाही, आणि त्या आल्या नाहीत. हॅरोला पुन्हा कधीच नाही.

अजित तसाच वाकलेला होता. दोन्ही हात पुढे, बोटं फरशीला टेकलेली, आणि समोर कुणीच नाही. लोक ट्रॉल्या वळवून त्याच्या बाजूनं जात होते. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.